अभिप्राय, कमाल दोनशे अक्षरे

पत्र मुंबईहून आलं. पूर्वअध्ययनाला श्रेयांक देण्याच्या धोरणात
काय सुधारणा हव्यात, ते आठ दिवसांत कळवा.
त्यातले सहा आवक-रजिस्टरमध्येच गेले.
खाली एक चौकट: कमाल दोनशे अक्षरे.

मी दोंडाईच्यात वीजयंत्रं शिकवतो, एकोणीस वर्षं.
माझ्या हातून आजवर एकही मोटर जळलेली नाही,
कारण माझ्या हातात एकही आलेली नाही
फळ्यावरची सोडून. ती खडूची. ती पुसली जाते.

रत्नप्रभा सैंदाणे अर्ज घेऊन आली
तेव्हा तिच्या नखांत व्हार्निश होतं.
वय एक्केचाळीस, शिक्षण बारावी, अनुभव:
तिने लिहिलं होतं, "नववीपासून."
लिपिक म्हणाले, आकड्यात लिहा.

नियम असा, की अनुभवपत्र मालकाच्या लेटरहेडवर हवं.
मालक म्हणजे बाप. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
दुकानावर अजून पाटी आहे: हिलाल निकुंभ अँड सन्स.
मुलगा एकही नव्हता.
पेंटर म्हणाला होता, असंच लिहायची पद्धत आहे.

लेटरहेड नाही, म्हणून तिने वही आणली.
विखरण, निमगूळ, मालपूर, गावागावातली एकेक मोटर.
खाचा चोवीस. तारेचा गेज. फेरे बावन्न.
समासात बापाच्या अक्षरात बारीक शेरा:
"आंडेरनी भरी."
पुढे एका पानावर अक्षर बदलतं
आणि शेरे थांबतात.

वही सोबत जोडता येत नाही, म्हणाले. झेरॉक्स साक्षांकित करून आणा.
मूल्यमापन केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात, फी आगाऊ,
आणि मिळालेले श्रेयांक मालेगावपलीकडे चालतील का
ते कुणीच सांगेना.

मुलाखतीला बाहेरचे तज्ज्ञ होते.
त्यांनी स्लिपची व्याख्या विचारली.
ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली, जणू तिथे खाचा आहेत.
मीच म्हटलं, बाई, आतलं चक्र पूर्ण वेग का गाठत नाही?
"ते मांगे धावस ना सर, करंटना मांगे.
गाठस नही. गाठी लिधं ते जोरच संपी जाई."
तज्ज्ञांनी लिहिलं: व्याख्या येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य वर्गात वापरलं.
पोरं हसली, मग गप्प झाली, मग त्यांना कळलं.
हे कुठे शिकलात, असं मला कुणी विचारलं नाही.
मला कुणीच विचारत नाही.

आणि मार्चमधली गोष्ट तर मी विसरूच पाहतो.
वसतिगृहाची मोटर जळली होती, दोनशे मुलं, पाणी नाही.
तिने झाकण काढलं, नुसतं पाहिलं:
तारांचे दोन गट काळे, तिसरा पिवळाधमक.
"एक फेज गयी व्हती. दोन बिचाऱ्या ओढता ओढता जळन्यात."
रात्रभर बसून भरली. सकाळी टाकी वाहिली.
बिल मीच मंजूर केलं, माझी सही आहे:
किरकोळ दुरुस्ती, रुपये अठराशे पन्नास.
म्हणजे तिच्या ज्ञानाची पावती कॉलेजच्या फायलीत आहेच,
फक्त ती चुकीच्या कपाटात आहे.

श्रेयांक.
अंक म्हणजे आकडा. जुन्या भाषेत अंक म्हणजे मांडीही.
बापाच्या मांडीला टेकून फेरे मोजलेल्या पोरीला
हा शब्द आमच्याआधी कळायला हवा होता.

असो. चौकट लहान आहे. मी लिहिलं:
परीक्षकाने उमेदवाराच्या दुकानात जावे.
जाताना जळकी मोटर न्यावी.
व्याख्या परत येताना विचारावी,
स्वतःला.

शेवटचा शब्द खोडला. शासकीय कागद आहे.
मग पुन्हा लिहिला.

खाली टाकी भरून वाहतेय बहुतेक.
कुणीतरी मोटर बंद करा रे.